भाच्याला चार गोष्टी, साइटवर जाण्याआधी

अक्काचा फोन आला. तू बी.ए. झालास, इतिहास घेऊन झालास, जुळे सोलापुरातल्या एका ठेकेदारानं तुला सुपरवायझर म्हणून बोलावलंय, हे सगळं कळलं. "मामा, मला टेक्निकल काहीच येत नाही, पहिल्याच आठवड्यात हाकलतील," असं म्हणत फिरतोयस, हेही कळलं. हाकलणार नाहीत बे. ज्या पगारात त्यानं तुला बोलावलंय त्या पगारात डिप्लोमावाला येत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक आहे. त्याला मालावर आणि माणसांवर लक्ष ठेवणारा घरचा पोरगा हवाय. तिथून पुढं किती शिकायचं ते तुझ्यावर.

तू इतिहासवाला, म्हणून इतिहासापासूनच सुरू करतो. वालचंद हिराचंद आपल्या सोलापुरात १८८२ साली जन्मले. कॉलेजला गेले, पण पदवी घेतली नाही. घरच्या पेढीत मन रमेना, म्हणून रेल्वेच्या कंत्राटात शिरले. त्यांचे भागीदार लक्ष्मणराव फाटक हे रेल्वेत कारकुनी केलेले गृहस्थ. दोघांतला एकही इंजिनिअर नव्हता. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून त्यांनी सुरुवात केली. पुढं वालचंदांच्या कंपन्यांनी भोर घाटातले रेल्वेचे बोगदे केले, तानसा तलावाचं पाणी मुंबईला नेणाऱ्या नळाचं काम केलं, आणि १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. आज सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला त्यांचं नाव आहे आणि आपल्या अशोक चौकातल्या कॉलेजलाही. त्यांच्या नावाच्या कॉलेजात जायला पोरं सीईटीचे क्लास लावतात, आणि स्वतः त्यांच्याकडं इंजिनिअरिंगचा कागद नव्हता.

एवढ्यावर छाती फुगवू नकोस. वालचंद शेठ घराण्यातले. मागं पेढी होती, पत होती, एक काम बुडालं तर दुसरं घ्यायची ऐपत होती. तुझ्या बापाची रिक्षा आहे. तू घ्यायचं ते फाटकांकडून घे. कारकुनाला काय येतं? मोजलेलं लिहून ठेवता येतं आणि लिहिलेल्याचा हिशेब मांडता येतो. साइटवर या दोन गोष्टी मनापासून करणारा माणूस शोधून सापडत नाही. गवंडी भिंत बांधतो, फिटर सळई बांधतो, इंजिनिअर आठवड्यातून दोनदा गाडीतून उतरून नकाशा बघतो आणि जातो. दिवसभरात काय आलं, काय लागलं, कोण होतं, कोण नव्हतं, हे फक्त वहीला माहीत असतं. ती वही तुझ्या हातात आली की तुझी जागा पक्की झाली.

वही जाड पुठ्ठ्याची, पानं नंबर घातलेली घे. पान फाडायचं नाही, खोडायचं तर एक रेघ मारून खोडायचं, खालचं वाचता आलं पाहिजे. रोज तारीख, हवा, हजेरी (गवंडी किती, बिगारी किती, बायका किती), सिमेंटच्या गोण्या आल्या किती आणि फुटल्या किती, कुठल्या मजल्यावर काय काम झालं, इंजिनिअर आला असेल तर काय म्हणाला. संध्याकाळी पाच मिनिटं लागतात. मोबाइलमध्ये फोटो काढ, पण वही सोडू नकोस, कारण भांडणाच्या वेळी सगळ्यांचे मोबाइल फुटलेले असतात. माझा पगार एका ठेकेदाराकडं अडकला होता, तो सुटला हजेरीच्या वहीवर. नुसत्या तोंडी बोलण्यावर सुटला नसता.

आता मोजायचं. पहिल्या दिवसापासून तुझ्याकडं येणारी गोष्ट म्हणजे वाळू, म्हणजे आता क्रश सँड, आणि खडी. डंपर येतो, ड्रायव्हर खिडकीतूनच ओरडतो, "दोन ब्रास, सही करा." तू सही करायची नाही. चाकावर पाय देऊन वर चढायचं. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. डंपरचा हौदा आतून मोज. समज लांबी दहा फूट, रुंदी सात फूट, उंची तीन फूट निघाली. काठोकाठ भरला तर २१० घनफूट, म्हणजे दोन ब्रासपेक्षा थोडं जास्तच. ड्रायव्हर हौद्याचं माप सांगतो ते खरंच असतं. पण माल काठापर्यंत आहे का? मध्ये ढीग दिसतो आणि चारी कोपरे खाली बसलेले असतात. फावड्यानं वरून सपाट करायला लाव, मग एक सळई पाच ठिकाणी तळापर्यंत खुपस, ओल्या खुणेवर बोट धरून टेपनं मोज आणि सरासरी काढ. अडीच फूट भरली तर दहा गुणिले सात गुणिले अडीच, १७५ घनफूट. पावणेदोन ब्रास. पाव ब्रास गेलं कुठं? ड्रायव्हर म्हणेल वाटेत बसली. थोडी बसतेच, ते खोटं नाही, पण अर्धा फूट बसत नाही. त्याच्याशी भांडू नकोस, तो पगारी माणूस आहे. चलनावर "साइटवर मोजून १.७५" असं लिही, त्याची सही घे आणि मालकाला फोन कर. दोन-तीन खेपा असं झालं की तुझ्या साइटला भरलेला डंपर येतो. सप्लायर तुला चहाला बोलावेल. चहा पी. पाकीट देईल ते घेऊ नकोस, कारण ते घेतलं की पुढच्या खेपेला डंपरवर चढायला तुझे पाय उचलणार नाहीत.

सळईला एकच सूत्र पाठ कर. व्यास मिलिमीटरमध्ये घे, त्याचा वर्ग कर, १६२ नं भाग. एका मीटरचं वजन किलोत येतं. बारा एमएमला १४४ भागिले १६२, म्हणजे सुमारे ०.८९ किलो. पूर्ण सळई बारा मीटरची, तिचं वजन सुमारे १०.७ किलो. शंभर सळया असतील तर १,०६७ किलोच्या आसपास काट्याची पावती यायला हवी. थोडाफार फरक कारखान्याच्या मालात चालतो, तो मानकातच धरलेला आहे. पण पावती आणि मोजणी यांत शंभरेक किलोचं अंतर पडलं तर सळया परत मोज, मग बोल. गणित नको म्हणून आर्ट्सला गेलास ना? एवढंच गणित आहे. बाकी सगळं यातूनच येतं.

सिमेंटची गोणी ५० किलोची. भिंतीला टेकवून आणि थेट जमिनीवर रचायची नाही, खाली फळ्या टाकायच्या, दहाच्या वर थर चढवायचे नाहीत, आधी आलेली आधी वापरायची. हे कुणीही सांगेल.

शिकवणार कोण? मिस्त्री. कॉलेजात चार वर्षांत मिळत नाही ते त्याच्या थापीत असतं, पण ते काढून घ्यायची रीत आहे. मालकासमोर त्याला काही विचारायचं नाही. त्याला वाटतं पोरगा आपली परीक्षा घेतोय. चहाच्या वेळी त्याच्या शेजारी विटांवर बस आणि विचार, "मिस्त्री, हा गुण्या जुळलाय हे कशावरून कळतं?" तो दोरी घेऊन दाखवेल. एका भिंतीवर तीन फूट, दुसऱ्या भिंतीवर चार फूट, तिरकं पाच आलं की काटकोन. मोठ्या खोलीला सहा-आठ-दहा घे, चूक कमी होते. लेव्हल पाईप दाखवेल: पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकं उंच धरायची, पाणी आपसूक एका पातळीत येतं, फक्त आत बुडबुडा राहता कामा नये. ओळंबा सोडायला शिकवेल. हे तू हातानं केलंस की मिस्त्री तुला मान देतो, आणि तोवर तू साहेब नसतोस, नुसता शर्टवाला असतोस.

बोलायची पद्धत सांभाळ. आपल्या साइटवर एका चौकटीत चार भाषा असतात. बिगारी कानडी बोलतात, पूर्व भागातले तेलुगू, सेंटरिंगवाले (स्लॅबखालचा साचा आणि टेकू लावणारे) बरेचदा हिंदी मुलखातले. पाणी मागायला नीरू, नीळ्ळू आणि पानी तिन्ही येऊ देत, दहापर्यंत आकडे येऊ देत. घमेलं वाहणाऱ्या बाईला नावानं हाक मारू नकोस, मावशी म्हण, अक्का म्हण. गवंड्याला "ए" म्हणालास तर त्या दिवशीची भिंत वाकडीच होईल, आणि कुठं वाकडी झाली ते तुला कळायलाही महिना लागेल. मिस्त्री तीन शब्द म्हणतो, "चालतंय की साहेब." हे ऐकलं की थांब आणि जाऊन बघ. नव्वद टक्के वेळा खरंच चालण्यासारखं असतं. उरलेल्या दहासाठी तुला पगार आहे.

आता सोलापूरचं म्हणून दोन गोष्टी. पहिली जमीन. आपल्याकडं काळी माती, पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यावर पाया टेकवला तर घर तिच्याबरोबर वरखाली होतं आणि भिंतीला तिरक्या चिरा पडतात. माती संपून घट्ट मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं, आणि किती खाली ते इंजिनिअर खड्ड्यात उतरून ठरवतो. मालक म्हणेल, "बास की आता, शेजाऱ्यानं पाच फुटांवरच टाकलंय." शेजाऱ्याचं शेजाऱ्यापाशी. त्याच खड्ड्याची दुसरी भीती म्हणजे कडा. ओली काळी माती उभ्या भिंतीसारखी राहत नाही, एकदम सुटते. पाच फुटांपेक्षा खोल खड्ड्यात कडेला उतार दिल्याशिवाय किंवा फळ्या-धिरे लावल्याशिवाय माणूस उतरवायचा नाही, आणि काढलेली माती कडेपासून लांब टाकायची. यावर कुणाशी वाद घालू नकोस. सरळ काम थांबव. नोकरी गेली तर माझ्याकडं ये.

दुसरी गोष्ट ऊन आणि पाणी. एप्रिल-मेमध्ये इथं पारा चाळीशीच्या वर, आणि नळाला पाणी काही दिवसांआड. काँक्रीटला मात्र रोज पाणी लागतं. काँक्रीटच्या भारतीय मानकात, म्हणजे आय.एस. ४५६ मध्ये, साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस ओलं ठेवायला सांगितलंय. कोरड्या कडक हवेत तेच दहा आणि चौदा करा म्हणतात, आणि आपल्याकडं गोणीवर बहुतेक पीपीसीच असतं. म्हणजे उन्हाळ्यात दोन आठवडे धरून चाल. स्लॅबवर छोटे बांध घालून पाणी कोंडायचं, कॉलमला गोणपाट गुंडाळून ओलं ठेवायचं. कॉलमवर भरल्याची तारीख रंगानं लिहून ठेव, मग कुणी "झाले की साहेब चौदा दिवस" म्हणायला तोंड उघडत नाही. टँकर स्लॅबच्या आदल्या दिवशी दारात हवा. स्लॅबच्या दिवशी टँकरवाल्याचा फोन लागत नाही, हा इथला जुना नियम आहे. उन्हाळ्यात स्लॅब दुपारी भरायला घेऊ नकोस, पहाटे सुरू करायला सांग. मजूरही त्यालाच राजी असतात.

आणि मिक्सरवर उभा राहा. माल पातळ झाला की ओतायला सोपा जातो, म्हणून मिक्सरवाला डबाभर पाणी जास्त मारतो. जास्तीचं पाणी उडून जातं आणि मागं पोकळ्या राहतात, काँक्रीट कमजोर होतं. किती लिटर घालायचं ते इंजिनिअरकडून आधी विचारून घे आणि त्या मापाचा डबा खूण करून ठेव.

इथवरचं सगळं बिनडिग्रीवाल्याला येतं. आता जिथं हात लावायचा नाही ते सांगतो, आणि हे मी बाकी सगळ्यापेक्षा जास्त जीव तोडून सांगतोय.

ज्या सिमेंटवर आपण जगतो त्या पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ साली घेतलं जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या इंग्लंडमधल्या गवंड्यानं. काँक्रीटमध्ये लोखंडाची जाळी घालून कुंड्या करायचं पेटंट १८६७ साली घेतलं जोसेफ मॉनिए या फ्रेंच माळ्यानं. गवंडी आणि माळी! हे ऐकून तुला वाटेल, मग इंजिनिअर कशाला? पुढचं ऐक. मॉनिएचे हक्क जर्मनीत वाइस नावाच्या माणसाच्या कंपनीकडं गेले, आणि कोनेन नावाच्या इंजिनिअरनं गणित मांडून दाखवलं की लोखंड जिथं काँक्रीट ताणलं जातं त्या बाजूला घालायचं. माळ्यानं कुंडी केली, पण सळई खाली की वर हे इंजिनिअरनं सांगितलं, तेव्हा कुठं पूल आणि इमारती हिशेबानं उभ्या राहू लागल्या.

आपल्या साइटवर हेच रोज घडतं. खोलीच्या स्लॅबची मुख्य सळई मधल्या भागात खालच्या बाजूला असते, कारण स्लॅब मध्ये खाली झुकू पाहतो आणि खालची बाजू ताणली जाते. बाल्कनी आणि छज्जा एका बाजूनं अधांतरी असतात, तिथं वरची बाजू ताणली जाते, म्हणून तिथली मुख्य सळई वर असते. फिटर ती बरोबर बांधून जातो. स्लॅबच्या दिवशी वीस माणसं घमेली घेऊन त्या जाळीवरून चालतात, पायाखाली सळई दबून तळाला जाते आणि वरून काँक्रीट पडतं. बाहेरून कुणालाही काही दिसत नाही. सेंटरिंग काढल्यावर, नाहीतर वर्षांनी, तो छज्जा खाली येतो. म्हणून बाल्कनीच्या जाळीखाली तिला उचलून धरणाऱ्या सळईच्या चेअर पुरेशा लागल्यात का हे भरायच्या आधी बघ, चालायला फळ्या टाकायला लाव, आणि काँक्रीट पडत असताना तिथून हलू नकोस. हे बघायला डिग्री लागत नाही. पण किती सळई, कुठल्या व्यासाची, किती अंतरावर, हे ठरवणं तुझं काम नव्हे. मालक संध्याकाळी येऊन खांद्यावर हात टाकेल, "हा मधला कॉलम काढला तर हॉल मोठा होईल, काय म्हणतोस?" तू म्हणायचं, "इंजिनिअरला विचारून सांगतो." लाज वाटू देऊ नकोस. दहा वर्षांनीही हेच म्हणायचं.

तसंच सेंटरिंग. सेंटरिंगवाल्याचे धिरे आणि प्लेटा दुसऱ्या साइटवर हव्या असतात, तो पाचव्या दिवशी काढायला येतो. आय.एस. ४५६ प्रमाणं साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्या स्लॅबचे चौदा, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे चौदा आणि त्यापुढं एकवीस. पीपीसीला याहून जास्त. हे तुला माहीत असावं, पण काढायची परवानगी इंजिनिअरच्या सहीनं, वहीत.

शिक्षण सोडू नकोस. दिवसा साइट केलीस तरी पुढचा कागद मिळवायला बघ. दहावीवर आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल आणि सर्व्हेअर हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत, त्यातला एक झाला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं. आपलं शासकीय तंत्रनिकेतन १९५६ पासून आहे, तिथं जाऊन चौकशी कर. स्थापत्य अभियांत्रिकी सहायकाचा एक वर्षाचा कोर्सही दहावीवर होतो आणि बांधकाम खात्याच्या त्याच नावाच्या पदाला तो चालतो. बी.ए. वाया गेलं असं समजू नकोस. मराठीत स्वच्छ पत्र लिहिणारा माणूस बांधकामात फार दुर्मीळ. बिल अडकलं की आधी पत्रच लागतं.

मजुरांचे कागद तू करून दे. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात १८ ते ६० वयाच्या, वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगाराला नोंदणी करता येते. त्याला कामाचा दाखला लागतो, आणि अर्ज भरायला आपल्याकडचे मजूर घाबरतात. तू भरून दे, मालकाची सही मिळवून दे. पोरांच्या शिष्यवृत्तीपर्यंत पुष्कळ गोष्टी त्यावर मिळतात.

काम कमी पडेल ही भीती सोड. कुंभारीजवळच्या रे नगरात विडी कामगार, यंत्रमाग कामगार अशांसाठी ३० हजार घरांचा प्रकल्प आखला गेला, पहिल्या १५ हजारांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या. एखाद्या रविवारी बघून ये. एकाच मापाचं घर हजारो वेळा बांधलं की काय सारखं येतं आणि काय चुकतं, ते डोळ्यांनी दिसेल.

सोमवारी जाताना पाच मीटरचा टेप, वही, पेन्सिल, ओळंबा आणि हेल्मेट घेऊन जा. हेल्मेट मालक देईल म्हणून थांबू नकोस. बूट घाल, चप्पल घालून खिळ्यांवर फिरायचं नाही. मजुरांच्या आधी गेटवर हजर राहा. आणि पगाराचा आकडा, पगाराची तारीख आणि सुट्टी कोणती, हे तिन्ही पहिल्याच सकाळी मालकाशी बोलून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घे.